कॅलिफोर्नियात मुलांच्या ‘लेड टेस्ट’चा निकाल सरकारला कसा कळवायचा: क्लिनिक आणि लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

बे एरिया, सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसच्या आसपास मुलांच्या डॉक्टरांकडे मेडिकल असिस्टंट, फ्रंट डेस्क किंवा लॅब टेक्निशियन म्हणून लागलात की पहिल्या काही आठवड्यांतच ‘लेड’चा, म्हणजे रक्तातल्या शिशाच्या तपासणीचा, फॉर्म हातात पडतो. भारतात लॅबमध्ये काम केले असेल तर ही गोष्ट नवी वाटेल, कारण रक्तातल्या शिशाचा प्रत्येक निकाल सरकारला कळवायचा, असा देशव्यापी कायदा तिकडे नाही. कॅलिफोर्नियात आहे. हेल्थ अँड सेफ्टी कोडचे कलम १२४१३० सांगते की कॅलिफोर्नियात काढलेल्या माणसाच्या रक्तातले शिसे जी लॅब मोजेल, तिने तो निकाल राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवायचा. जास्त आलेलाच नव्हे, प्रत्येक निकाल. शिसे सापडले नाही, हाही निकालच.

नवीन माणसाचे सगळे लक्ष आकड्यावर असते. आकडा सहसा बरोबरच जातो. बिघडते ते त्याच्या शेजारच्या रकान्यांत: पत्ता, फोन, जन्मतारीख आणि रक्त कुठून घेतले ते. म्हणून खालच्या पायऱ्यांत यंत्रापेक्षा फॉर्मवर जास्त वेळ घालवला आहे.

पायरी १: आपण ‘लॅब’ आहोत का, ते आधी ठरवा

रक्त नळीत भरून मोठ्या लॅबला पाठवत असाल तर कळवण्याची जबाबदारी मोजणाऱ्या लॅबची. ती लॅब दुसऱ्या राज्यात असली तरी फरक पडत नाही, रक्त कॅलिफोर्नियात काढले एवढे पुरे. मात्र लॅबकडे जाणारी माहिती तुमच्याच फॉर्मवरून जाते. तुम्ही पत्त्याचा रकाना मोकळा ठेवलात तर तो राज्याकडेही मोकळाच पोहोचतो.

क्लिनिकमध्येच लेडकेअर टू हे छोटे यंत्र असेल तर कायद्याच्या नजरेत तुम्हीच लॅब. ‘आमच्याकडे फक्त सीएलिया वेव्हर आहे, आम्ही कुठले लॅबवाले’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. हा वेव्हर, म्हणजे लॅबसाठीच्या सीएलिया या केंद्रीय नियमांतून सवलत, मिळतो तो चाचणी सोपी आहे म्हणून. त्याने निकाल कळवण्यातून सूट मिळत नाही. यंत्र नवीन घेतले असेल तर पहिल्या मुलाचे बोट टोचण्याआधी राज्याच्या चाइल्डहूड लेड पॉयझनिंग प्रिव्हेन्शन ब्रँचकडे नाव नोंदवून इलेक्ट्रॉनिक मार्गाने निकाल पाठवण्याची सोय करून घ्या. ही शाखा रिचमंडला आहे. आधी चाचण्या सुरू आणि नोंदणी नंतर, असे झाले की मधले सगळे निकाल मागाहून हाताने भरत बसावे लागते.

पायरी २: कोणत्या मुलाची तपासणी

मेडि-कॅल (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राज्याचा आरोग्य विमा), डब्ल्यूआयसी (माता-बालकांची पोषण योजना) यांसारख्या सरकारी योजनेतल्या मुलाची १२ व्या आणि २४ व्या महिन्याला तपासणी करायचीच. राहून गेली असेल तर ७२ महिन्यांचा होईपर्यंत ती भरून काढायची. योजनेत नसलेल्यांच्या पालकांना विचारायचे: मूल १९७८ च्या आधी बांधलेल्या, रंगाचे पोपडे निघालेल्या किंवा नुकतीच डागडुजी झालेल्या घरात राहते का, किंवा तिथे बराच वेळ असते का? उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ आले तर तपासणी. नुकत्याच आलेल्या कुटुंबाला आपल्या भाड्याच्या घराचे वय ठाऊक नसते, त्यामुळे ‘माहीत नाही’ हे उत्तर नेहमीचे आहे. ते ‘नाही’ म्हणून टिपू नका.

पायरी ३: फॉर्म

नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोन, रक्त काढल्याची तारीख, तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता-फोन, रक्ताचा प्रकार आणि मेडि-कॅल असल्यास त्याचा क्रमांक. यादी छोटी दिसते. आता एकेक रकाना पाहू.

नाव. मराठी कुटुंब सवयीने ‘अर्णव समीर कुलकर्णी’ सांगते. एका भेटीत ‘अर्णव’ हे पहिले नाव होते, पुढच्या वेळी ‘अर्णव समीर’, आणि तिसऱ्या वेळी वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन पडते. राज्याच्या नोंदवहीत ही तीन मुले होतात. पहिल्या निकालात शिसे जास्त निघाले आणि फेरतपासणीचा निकाल दुसऱ्याच ‘मुला’च्या नावावर गेला, तर कागदोपत्री पहिले मूल फेरतपासणीला आलेच नाही असे दिसते आणि काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, नर्स विनाकारण फोन करत राहते. विम्याच्या कार्डावरचे नाव घ्या आणि दर वेळी तेच, तसेच लिहा.

जन्मतारीख. ०४/०७/२०२४ म्हणजे इथे ७ एप्रिल, आपल्याकडे ४ जुलै. पालकांनी कागदावर लिहिलेली तारीख जशीच्या तशी टाइप करू नका. महिन्याचे नाव तोंडी विचारा. दिवस १२ च्या पुढचा असेल तर संगणक चूक पकडतो. १२ पर्यंतचा असेल तर निमूट स्वीकारतो.

पत्ता. मूल राहते तो पत्ता हवा, टपालपेटीचा नको. अपार्टमेंट क्रमांकाशिवाय दोनशे घरांच्या संकुलाचा पत्ता निरुपयोगी असतो. पत्ता नाही म्हणून क्लिनिकचाच पत्ता टाकून देणे ही तर सर्वांत वाईट खोड. यंत्रणा तो बिनतक्रार घेते आणि काउंटीच्या नकाशावर सगळी बाधित मुले डॉक्टरांच्या दवाखान्यात राहताना दिसतात. दिवसभर मूल आजीकडे किंवा पाळणाघरात असेल तर तेही टिपून ठेवा. फॉर्मवर जागा नसली तरी काउंटीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो.

पत्त्याला एवढे महत्त्व का, ते मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने दाखवले. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा बदलल्यावर मुलांच्या रक्तातले शिसे वाढले. पण पिन कोडवरून पाहिले तर ती वाढ पुसट दिसे, कारण फ्लिंटचे पिन कोड शहराबाहेरच्या, वेगळे पाणी पिणाऱ्या वस्त्यांमध्येही पसरलेले होते. डॉ. मोना हॅना-अटिशा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक मुलाचा पत्ता नकाशावर बसवला, तेव्हा शहराच्या हद्दीत दर डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असलेल्या मुलांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेल्याचे उघड झाले. रक्ताचे आकडे दोन्ही वेळी तेच होते.

फोन. चालू असलेला इथला नंबर घ्या. नुकत्याच आलेल्यांकडे कधी कधी फक्त भारतातला नंबर असतो आणि +९१ टाकला की दहा अंकांचा रकाना तो नाकारतो. मग कुणीतरी दहा शून्ये भरून मोकळे होते. त्यापेक्षा ज्यांच्याकडे उतरले आहेत त्यांचा नंबर घ्या आणि तो कोणाचा, तेही लिहा.

पायरी ४: रक्त घेणे

बोटातून घेतलेल्या रक्ताचा मोठा दोष म्हणजे कातडीवरचे शिसे त्यात मिसळते. रांगणाऱ्या मुलाच्या बोटावर खिडकीच्या चौकटीची धूळ असते. तिचा कणही निकाल चढवायला पुरतो. म्हणून:

मुलाचे हात साबण आणि पाण्याने धुवा, फक्त सॅनिटायझर नको. शिसे हा जंतू नव्हे. सॅनिटायझरने ते मरत नाही आणि हलतही नाही. हात छापील किंवा रिसायकल केलेल्या कागदाने पुसू नका, साधा पांढरा कोरा कागद वापरा. धुतलेले बोट कशालाही लागू देऊ नका; खेळणे नको, आईची ओढणी नको, खुर्चीचा हातही नको. मधले किंवा अनामिका बोट घ्या, अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि बोटाच्या पेराला मध्यापासून जरा बाजूला टोचा. पहिला थेंब गॉजने टिपून टाका. पुढचे थेंब नळीत घ्या आणि नळीने कातडी खरवडू नका. बोट पिळले तर पेशींभोवतीचे पाणी मिसळून निकाल उतरतो, शिवाय मूल रडून सगळा दवाखाना डोक्यावर घेते. टोचण्याआधी, धुतानाच हात कोमट पाण्यात धरला तर पिळायची वेळ येत नाही.

लॅबला पाठवायचे रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) छोट्या नळीत भरले की ती लगेच आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करा. गुठळी झाली तर लॅब नमुना परत पाठवते आणि त्या मुलाला पुन्हा टोचावे लागते. शिरेतून रक्त घेताना शिशासाठी तपासलेली, टॅन झाकणाची नळी उत्तम. दुसऱ्या झाकणाची चालेल की नाही, ते तुमच्या लॅबच्या सूचनेत असते.

चाचणी लेडकेअर टू वर करणार असाल तर ५० मायक्रोलिटरची केशनळी काठोकाठ भरा, बाहेर लागलेले रक्त पुसा आणि नळी रिएजंटच्या कुपीत रिकामी करून कुपी हलवा. रंग लाल राहतो तोवर मिश्रण तयार नाही; तपकिरी झाला की सेन्सरवर थेंब सोडा. तीन मिनिटांत आकडा येतो. किटचा लॉट (उत्पादनाची तुकडी) बदलला की किटसोबत आलेले कॅलिब्रेशन बटण यंत्राला लावायचे आणि दोन्ही कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, चालवायचे. हे विसरले तर यंत्र आकडा देतेच, फक्त त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिरेतल्या रक्तावर हे यंत्र वापरू नये, निकाल कमी येऊ शकतो, असा इशारा एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेने) २०१७ मध्ये दिला होता. २०२१ मध्ये बोटातल्या रक्ताच्या किटचे काही लॉटही निकाल कमी येत असल्याने परत मागवले गेले. त्यामुळे प्रत्येक निकालाशेजारी लॉट क्रमांक लिहायची सवय लावा. परत मागवण्याची सूचना आली की कोणत्या मुलांना पुन्हा बोलवायचे, हे त्या वहीवरूनच कळते.

पायरी ५: आकडा लिहिणे

एकक मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. भारतातून आणलेल्या जुन्या रिपोर्टवर कधी मायक्रोग्रॅम प्रति लिटर असते. तिथले ३५ म्हणजे इथले ३.५. दहापटीची ही चूक दोन्ही दिशांनी होते, म्हणून एकक वाचल्याशिवाय जुना आकडा फाइलमध्ये चढवू नका.

यंत्राने ‘लो’ दाखवले तर ‘<३.३’ लिहा, कारण हे यंत्र ३.३ ते ६५ एवढेच मोजते. शून्य लिहू नका, रकाना मोकळाही सोडू नका. ‘हाय’ आले तर ‘>६५’ लिहा, आणि तेव्हा फॉर्मच्या आधी डॉक्टरांना हाक मारा.

दशांश खोडू नका. राज्याच्या मुदतीची रेषा (पायरी ६ पाहा) ३.५ वर आहे. काही सॉफ्टवेअर निकाल पूर्णांकात गुंडाळतात. मग ३.६ चे ४ होते, ३.४ चे ३ होते, आणि कोणता निकाल रेषेच्या कुठल्या बाजूला होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. तसेही यंत्राचा तळ आणि कायद्याची रेषा यांत ०.२ चेच अंतर आहे. जिथे एवढी चिकित्सा करायची तिथे यंत्र एवढे काठावरचे, हे गमतीचे आहे खरे. पण आहे ते असे आहे.

रक्ताचा प्रकार कोडातही बरोबर हवा. लॉइंक या चाचण्यांच्या कोडांच्या यादीत शिरेतल्या रक्तातल्या शिशाचा कोड ७७३०७-७ आहे, केशवाहिनीतल्या म्हणजे बोटातल्या रक्ताचा १०३६८-९. तिसरा, ५६७१-३, नुसते ‘रक्तातले शिसे’ एवढेच सांगतो. निकाल राज्याला पाठवणाऱ्या जुन्या संगणक-जोडणीत बहुधा तोच बसवलेला असतो. बोटातला ७ आणि शिरेतला ७ यांवरची कारवाई वेगळी. पहिल्याची खात्री करायची असते, दुसऱ्याची झालेली असते. जोडणी तुमच्या हातात असेल तर आधी हा कोड बदलून घ्या.

पायरी ६: मुदत

३.५ किंवा जास्त असेल तर मोजल्यापासून कामाच्या तीन दिवसांत. त्याहून कमी असेल तर ३० दिवसांत, आणि हे कॅलेंडरचे दिवस. १ जानेवारी २०२३ पासून हा नियम आहे. त्याआधी तीन दिवसांची घाई १० पासून वर होती आणि जुन्या क्लिनिकच्या भिंतीवरचा तक्ता कधी कधी अजून तोच असतो. तो उतरवा.

शुक्रवारी दुपारी यंत्रावर ४.१ आला तर निकाल बुधवारपर्यंत जायला हवा, मध्ये सुट्टी आली तर गुरुवारपर्यंत. दिवस मोजायचे ते मोजणीपासून. डॉक्टरांनी सही केली तेव्हापासून नव्हे. डॉक्टर आठवडाभर रजेवर असले तरी घड्याळ थांबत नाही.

३.५ हा आकडा सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरवला. १९९१ मध्ये तो १० होता, २०१२ मध्ये ५. अमेरिकेतल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांमध्ये सर्वांत जास्त शिसे असलेली अडीच टक्के मुले वेगळी काढणारी ही रेषा आहे. तिच्याखाली सगळे सुरक्षित, असा तिचा अर्थ नाही. पालकांना ‘३.२ म्हणजे नॉर्मल’ असे फोनवर सांगू नका. आकडा सांगा, पुढचे डॉक्टर बोलतील.

पायरी ७: पाठवल्यावर

पाठवले म्हणजे पोहोचले असे नाही. इलेक्ट्रॉनिक फाइलमधली एखादी ओळ तारखेच्या चुकीच्या साच्यामुळे किंवा रिकाम्या रकान्यामुळे अडकते आणि बाकीच्या ओळी पुढे जातात. पडद्यावर ‘फाइल गेली’ दिसते म्हणून आपण निर्धास्त. दर सोमवारी दोन आकडे जुळवा: यंत्राच्या वहीतल्या चाचण्या किती आणि राज्याने स्वीकारलेल्या नोंदी किती. ४३ आणि ४१ आले तर ते दोन शोधा. बहुतेक वेळा त्यांतला एक लांब आडनावाचा असतो.

राज्याकडे निकाल पोहोचला म्हणजे पालकांना कळला, असेही नाही. ते काम डॉक्टरांचे आहे आणि वेगळे आहे. बोटातल्या रक्ताचा निकाल ३.५ किंवा वर आला तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करायची. सीडीसीच्या तक्त्यानुसार १० च्या खाली असेल तर तीन महिन्यांत, १० ते १९ ला महिन्याभरात, २० ते ४४ ला दोन आठवड्यांत आणि ४५ किंवा वर असेल तर ४८ तासांत. मोठ्या आकड्याच्या वेळी फेरतपासणीची वेळ ठरवूनच पालकांना दारापर्यंत सोडा.

पालक विचारतील त्या गोष्टी

‘सरकारला कळवता म्हणजे आमच्या व्हिसाला काही होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. कलम १२४१३० खाली गेलेली माहिती गोपनीय असते. ती राज्याच्या आरोग्य विभागाकडे जाते आणि तिथून काउंटीच्या आरोग्य विभागाकडे. शिशाचा स्रोत शोधणे आणि मुलावर उपचार होताहेत की नाही ते पाहणे, यासाठी ती गोळा केली जाते. एवढे सांगितले की पत्ता लपवण्याची वेळ येत नाही.

आकडा बराच जास्त असेल तर काउंटीची नर्स घरी येते आणि रंग, माती, भांडी याबरोबर स्वयंपाकघरातलेही विचारते. मराठी घराने इथे संकोचू नये. देवघरातला सिंदूर, भारतातून आणलेले काजळ, सुटी हळद, कल्हईची पितळी भांडी, बाळाला चाटवलेले काहीही, सगळे समोर ठेवावे. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या २०१७ मधल्या अभ्यासात न्यू जर्सीच्या दुकानांतल्या सिंदुराच्या ८३ टक्के नमुन्यांत आणि मुंबई-दिल्लीतून आणलेल्या ७८ टक्के नमुन्यांत दर ग्रॅमला किमान १ मायक्रोग्रॅम शिसे निघाले होते. औषधांबद्दल ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ असे उत्तर नको. नागभस्मातला ‘नाग’ म्हणजे शिसेच. डबी, पुडी, पावती जे असेल ते दाखवा. नर्सला भांडण करायचे नसते, तिला तपासायला नमुना हवा असतो.

पालकांना हेही सांगा: रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि तिच्यावर चार गोष्टी आहेत ना ते पाहा: आकडा, एकक, तारीख, रक्त बोटातले की शिरेतले. नुसते ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरांच्या काही कामाचा नाही.

राज्य बदललेत तर

प्रत्येक राज्याचा नियम निराळा. न्यूयॉर्कमध्ये १ आणि २ वर्षांच्या प्रत्येक मुलाची तपासणी सक्तीची आहे. तिथे लॅबला ५ किंवा त्याहून जास्त निकाल २४ तासांत कळवावा लागतो आणि बाकीचे कामाच्या पाच दिवसांत. मेरीलँडमध्ये निकाल आरोग्य खात्याकडे जात नाहीत, पर्यावरण खात्याकडे जातात. सॅन होजेहून न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला गेलेल्या मुलाचा निकाल नव्या डॉक्टरांच्या संगणकात आपोआप उगवेल, असे धरून चालू नका. लसीच्या कार्डासोबत लेडच्या रिपोर्टची प्रतही विमानातल्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.